सॅम्पल, बिट, चॅनेल: डिजिटल ऑडिओतले एका शब्दाचे अनेक अर्थ

डिजिटल ऑडिओ शिकताना अवघड शब्द फारसा त्रास देत नाहीत. ‘डिदर’ किंवा ‘एलियासिंग’ समोर आलं की माणूस थांबतो, शोधतो, वाचतो आणि पुढे जातो. घोळ होतो तो सोप्या वाटणाऱ्या शब्दांपाशी. सॅम्पल, बिट, चॅनेल, गेन, कॉम्प्रेशन, नॉर्मलाइज हे शब्द रोज तोंडात असतात आणि यातल्या बहुतेकांना निदान दोन अर्थ आहेत. सांगणारा एक अर्थ धरून बोलतो, ऐकणारा दुसरा धरतो, आणि मग सगळी सेटिंग्ज बदलूनही आवाज तसाच का, हे शोधण्यात संध्याकाळ जाते. म्हणून इथे शब्दांची यादी न देता, जिथे हमखास पाय घसरतो तेवढ्याच जागा घेतल्या आहेत.

सॅम्पल

माईकमधून येणारा विद्युतदाब सतत वरखाली होत असतो. तो ठरावीक अंतराने मोजायचा आणि प्रत्येक वेळचा आकडा लिहून ठेवायचा. हा एक आकडा म्हणजे एक सॅम्पल, आणि सेकंदाला असे किती आकडे घेतले तो सॅम्पल रेट. पण ड्रमचा एकच ठोका रेकॉर्ड करून ठेवलेल्या फाइललाही सॅम्पलच म्हणतात, आणि अशा फाइली वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरला सॅम्पलर. म्हणजे दुसऱ्या अर्थाच्या एका सॅम्पलमध्ये पहिल्या अर्थाची लाखभर सॅम्पल मावतात. जुन्या गाण्याचा तुकडा उचलून नव्यात वापरणं हा तिसरा अर्थ. तिथे तंत्रापेक्षा हक्कांचा प्रश्न मोठा असतो.

४४,१०० हा सीडीचा सॅम्पल रेट इतका विचित्र का, असा प्रश्न पडतोच. सीडीच्या आधी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवला जायचा. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन सॅम्पल बसत. सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं) आणि प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ ओळी: ६० × २४५ × ३ = ४४,१००. दुसऱ्या व्हिडिओ पद्धतीत ५० फील्ड आणि २९४ ओळी. गुणाकार तोच येतो. १९८० साली सोनी आणि फिलिप्सने सीडीचं मानक ठरवलं तेव्हा हाच आकडा त्यात गेला. चित्रपट आणि व्हिडिओवाले ४८,००० वापरतात, कारण त्याला २४, २५ आणि ३० या तिन्ही फ्रेमरेटनी नि:शेष भाग जातो. ४४,१०० ला २४ ने भागलं तर १,८३७.५ येतात, आणि अर्धं सॅम्पल ही चीज अस्तित्वात नाही. व्हिडिओसाठी काम असेल तर सेशन (सॉफ्टवेअरमधलं त्या कामाचं खातं) उघडतानाच ४८ हजार ठेवा; शेवटी बदलत बसू नका.

सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनसंख्या पकडता येते. ही मर्यादा नायक्विस्टच्या नावाने ओळखली जाते. तिच्या वरचं काही आत शिरलं तर ते नाहीसं होत नाही, खाली दुमडून येतं. ४४.१ च्या सेशनमध्ये ३० किलोहर्ट्झचा घटक तयार झाला तर तो १४.१ वर ऐकू येतो, आणि वाजणाऱ्या सुराशी त्याचं काहीच नातं नसतं. यालाच एलियासिंग म्हणतात. रेकॉर्डिंगच्या वेळी कन्व्हर्टरमधला, म्हणजे विद्युतदाबाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा विद्युतदाब करणाऱ्या भागातला, फिल्टर ते अडवतो. पण डिस्टॉर्शनचा (आवाज मुद्दाम फाडणारा) प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेला छोटा प्रोग्राम, किंवा साधासुधा सॉफ्टवेअर सिंथ (सिंथेसायझर) आवाज आतच तयार करतो. तिथे असा फिल्टर आपोआप लागत नाही. सॉटूथचा (करवतीच्या दातांसारख्या लाटेचा) उंच सूर वर सरकवत न्या. मूळ सूर वर चढत असताना मागे काहीतरी पातळ, धातूसारखं खाली उतरताना ऐकू आलं, तर ते हेच. प्लगिनमधलं ‘ओव्हरसॅम्पलिंग’चं, म्हणजे आतल्या आत सॅम्पल रेट वाढवून काम करण्याचं, बटण त्यासाठीच असतं.

आता एक गैरसमज, जो मिटायला तयार नाही: डिजिटल आवाज म्हणजे पायऱ्या, आणि सॅम्पल रेट वाढवला की पायऱ्या बारीक होतात. ४८ हजारच्या सेशनमध्ये १२ किलोहर्ट्झचा साइन सूर घ्या. एका आवर्तनाला फक्त चार सॅम्पल मिळतात. सुरुवात ४५ अंशांवर पडली तर ती अशी: ०.७०७, ०.७०७, उणे ०.७०७, उणे ०.७०७. झूम करून पाहिलं तर चौकोनी ठोकळे दिसतात. पण या चार बिंदूंतून जाणारी आणि नायक्विस्टच्या आत राहणारी वक्ररेषा एकच असू शकते, ती म्हणजे मूळची साइन. कन्व्हर्टर तीच बाहेर काढतो. पायऱ्या स्क्रीनवरच्या चित्रात असतात, आवाजात नसतात. शिवाय या उदाहरणात एक मजेशीर गोष्ट दडली आहे: खऱ्या लाटेचं टोक १ वर आहे, पण एकही सॅम्पल ०.७०७ च्या वर नाही. हे लक्षात ठेवा, लेव्हलच्या भागात कामाला येईल.

मग ९६ हजार कशासाठी? पुढे आवाज खूप संथ करून वापरायचा असेल, किंवा ओव्हरसॅम्पलिंग नसलेले डिस्टॉर्शन प्लगिन भरपूर लावायचे असतील, तर उपयोग आहे. साध्या गाण्याबजावण्यासाठी, माझ्या मते, फाइल दुप्पट आणि प्रोसेसरवर दुप्पट भार एवढंच पदरात पडतं.

सॅम्पल रेटची सर्वात जास्त दिसणारी चूक वेगळीच आहे. ४८ हजारची फाइल ४४.१ समजून वाजवली की ६० सेकंदांचं गाणं ६५.३ सेकंदांचं होतं आणि पट्टी जवळजवळ दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे शेजारच्या दोन सुरांतलं अंतर) उतरते. गायक पेंगुळल्यासारखा वाटतो. उलट झालं तर ५५.१ सेकंद आणि पट्टी तितकीच वर. हे पिच शिफ्टने दुरुस्त करायला जाऊ नका. फाइलमधले आकडे बरोबर आहेत, फक्त त्यांच्यावरची चिठ्ठी चुकली आहे, चिठ्ठी बदला. सॅम्पल रेट कन्व्हर्जन म्हणजे आकडे नव्याने मोजून काढणं, ते निराळं काम.

बिट

बिट डेप्थ, बिट रेट आणि ‘६४ बिट सॉफ्टवेअर’ या तीन गोष्टींचा एकमेकींशी जवळपास संबंध नाही. तिसरी तर संगणकाच्या मेमरीबद्दल आहे, ती इथेच सोडू.

बिट डेप्थ म्हणजे प्रत्येक सॅम्पलचा आकडा किती बारीक मापाने लिहायचा. १६ बिटमध्ये ६५,५३६ पातळ्या, २४ बिटमध्ये १,६७,७७,२१६. एक बिट वाढला की सुमारे ६ डीबी (डेसिबल) जागा मिळते, म्हणून १६ बिटला साधारण ९६ डीबी आणि २४ ला १४४. ‘जास्त बिट म्हणजे जास्त तपशील’ असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर बिट डेप्थ एकच गोष्ट ठरवते: तळाचा खरखराट किती खाली असेल. साध्या खोलीत माईक लावला तर पंखा, रस्ता आणि प्रीअँपची हिस हे सगळं त्या तळाच्या कितीतरी वर असतं. २४ बिटचा खरा फायदा असा की लेव्हल भीत भीत शून्याला, म्हणजे मीटरच्या छताला, चिकटवावी लागत नाही. सरासरी उणे १८ डीबी आणि टोकं उणे १० ते उणे ६ च्या दरम्यान ठेवून निवांत रेकॉर्ड करता येतं.

डिदर म्हणजे बिट कमी करण्याआधी आवाजात मुद्दाम मिसळलेला अगदी बारीक खरखराट. तो कळायला एक प्रयोग पुरेसा आहे. पियानोचा एक सूर घ्या, पूर्ण विरेपर्यंत. त्याची ८ बिटची प्रत करा, एकदा डिदरशिवाय आणि एकदा डिदरसह. डिदरशिवायच्या प्रतीत शेपटी विरत जाते तशी आधी घोगरी होते, मग चरचरते, आणि शेवटी दोरा तुटावा तशी एकदम बंद पडते. कारण आकडे जवळच्या पातळीवर ढकलले जातात आणि त्यातून होणारी चूक सुराला चिकटून चालते, म्हणजेच ती डिस्टॉर्शन होते. डिदरच्या प्रतीत मागे एकसारखी हिस असते, पण सूर त्या हिसेच्या खालीही सलग विरताना ऐकू येतो. १६ बिटलाही हेच घडतं, फक्त फार खाली. म्हणून २४ वरून १६ वर उतरताना, अगदी शेवटच्या पायरीवर आणि एकदाच, डिदर लावायचं. एमपीथ्री करायची असेल तर आधी १६ वर उतरायची गरजच नाही; २४ बिटची फाइलच एन्कोडरला द्या.

३२ बिट फ्लोटची गोष्ट वेगळी. त्यात बारकावा २४ बिटइतकाच, पण सोबत घातांक असल्याने छत इतकं उंच असतं की सेशनच्या आत शून्याच्या वर गेलेला आवाजही मरत नाही. ट्रॅक अधिक ६ वर गेला आणि मास्टर ८ डीबी खाली ओढला, तर लाट जशीच्या तशी परत मिळते. मात्र नेहमीच्या इंटरफेसचा (माईक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) कन्व्हर्टर २४ बिटचा असतो. तिथे आत येताना कापलेलं ३२ बिटच्या फाइलमध्ये साठवलं म्हणून परत येणार नाही. बाहेर जाताना आणि २४ बिटमध्ये एक्स्पोर्ट करतानाही छत पुन्हा शून्यावरच येतं.

बिट रेट म्हणजे सेकंदाला किती बिट खर्च होतात. ४४,१०० × १६ × २ चॅनेल = १४,११,२०० बिट, म्हणजे १,४११ केबीपीएस; मिनिटाला साधारण १०.६ एमबी. ४८ हजार, २४ बिट, स्टीरिओ असेल तर मिनिटाला १७.३ एमबी. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला २.४ एमबी पुरतात. एमपीथ्रीला बिट रेट असतो, पण वेव्हच्या अर्थाने बिट डेप्थ नसते. ‘१६ बिट एमपीथ्री’ या शब्दाला काही अर्थ नाही. १२८ ची फाइल ३२० वर पुन्हा एन्कोड केली तर आकार वाढतो, गेलेलं परत येत नाही, उलट दुसऱ्यांदा थोडं जातं. शंका असेल तर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या कंपनसंख्या आहेत याचं चित्र, काढा. ‘मूळ वेव्ह’ म्हणून आलेल्या फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झच्या आसपास सगळं सुरीने कापल्यासारखं सपाट संपत असेल, तर ती बहुधा एमपीथ्रीचा प्रवास करून आली आहे.

जाता जाता: साध्या वेव्ह फाइलमध्ये आकाराचा आकडा ३२ बिटचा असल्याने ती ४ जीबीच्या पुढे जात नाही. ४८ हजार, २४ बिट, स्टीरिओ रेकॉर्डिंग चार तासांच्या थोडं पुढे ही हद्द गाठतं. दिवसभराचा कार्यक्रम एका फाइलमध्ये घ्यायचा तर आरएफ६४ हा प्रकार निवडा, नाहीतर रेकॉर्डरला फाइली तोडू द्या.

आवाज वाढवणं

गेन आणि व्हॉल्यूम या दोन्हींनी आवाज वाढतो, म्हणून दोन्ही एकच, असा समज. गेन कन्व्हर्टरच्या आधी असतो, व्हॉल्यूमची सरकपट्टी, म्हणजे फेडर, नंतर. गेन जास्त होऊन लाटेची टोकं छताला आपटून सपाट झाली की आवाज फाटतो. मग फेडर कितीही खाली घ्या, फाटलेलाच आवाज हळू ऐकू येतो. सपाट टोक म्हणजे मुळात नसलेले वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर), आणि ते आता सुरात मिसळलेले असतात.

डिजिटल मीटरवर शून्य हे छत आहे आणि बाकी सगळं उणे. ॲनालॉग मीटरचं शून्य छत नव्हतं, ती कामाची सरासरी जागा होती. वर बरीच मोकळीक असायची. त्या सवयीने डिजिटल मीटर शून्याला नेऊन ठेवणारे अजून भेटतात. दोन्हींचा मेळ घालायचा तर ॲनालॉगचं शून्य डिजिटलच्या उणे १८ किंवा उणे २० वर धरतात. ६ डीबी कमी म्हणजे लाटेची उंची निम्मी. कानाला निम्मं वाटायला साधारण १० डीबी लागतात.

नॉर्मलाइज दोन प्रकारचं असतं. पीक नॉर्मलाइज सगळ्यात उंच सॅम्पल शोधतं आणि पूर्ण फाइल तेवढी वर नेतं. तासाभराच्या भाषणात एक जोराची टाळी असेल, तर सगळ्या भाषणाची लेव्हल ती टाळी ठरवते. लाऊडनेस नॉर्मलाइज कानाला किती मोठं वाटतं ते मोजतं. त्याचं एकक एलयूएफएस, बोलण्यात ‘लफ्स’. युरोपच्या प्रसारणात उणे २३ चा नियम आहे, स्ट्रीमिंगवाले बरेचसे उणे १४ च्या आसपास असतात. आता गंमत पाहा. लिमिटरने (टोकांना ठरलेल्या छताच्या वर जाऊ न देणाऱ्या प्लगिनने) ठोकून ठोकून गाणं उणे ८ वर नेलं, टोकं शून्यापाशी. उणे १४ वर चालणारी सेवा ते ६ डीबी खाली ओढते. टोकं आता उणे ६ वर, वरची जागा रिकामी, आणि ठोके चेपलेले ते चेपलेलेच. मोकळं ठेवलेलं गाणं त्याच्या शेजारी तितकंच मोठं वाजतं आणि जास्त जिवंत.

मघाच्या चार सॅम्पलकडे परत येऊ. ०.७०७ वर असलेली ती फाइल पीक नॉर्मलाइज केली तर चारही सॅम्पल १ वर जातात, मीटर शून्य दाखवतो, सगळं ठीक. पण त्यांतून जाणारी खरी लाट आता अधिक ३ डीबीवर आहे. ती कन्व्हर्टरमध्ये फाटू शकते, आणि एमपीथ्री करताना तर टोकं आणखी हलतात. म्हणून शेवटच्या लिमिटरमध्ये ‘ट्रू पीक’ चालू करून छत उणे १ वर ठेवायचं.

कॉम्प्रेशनचा घोळ सगळ्यात जुना. एमपीथ्रीतलं कॉम्प्रेशन फाइलचा आकार कमी करतं, आवाजातले चढउतार नाही. कॉम्प्रेसर चढउतार कमी करतो, फाइलचा एक बाइटही कमी होत नाही. कॉम्प्रेसरचं गणित सोपं आहे: थ्रेशोल्ड (जिथून दाबणं सुरू होतं) उणे २०, रेशो ४:१, आणि आत आला उणे ८. थ्रेशोल्डच्या वर १२ डीबी, त्याचे चौथा हिस्सा म्हणजे ३. बाहेर उणे १७, म्हणजे ९ डीबी कापले. अटॅक (दाबणं सुरू व्हायचा वेळ) फार जलद ठेवला तर ठोक्याचा कडाका जातो. रिलीज (दाब सुटायचा वेळ) फार जलद ठेवला तर खालच्या सुरांत गुरगुर येते, कारण कॉम्प्रेसर लाटेच्या प्रत्येक आवर्तनाबरोबर धावायला लागतो.

टिक, खट्, चर्र

इथे शब्दांपेक्षा निदान महत्त्वाचं. स्पीकरमधून असं काही ऐकू आलं की पहिला प्रश्न एकच: पुन्हा वाजवल्यावर ते त्याच जागी येतं का?

त्याच जागी येतं आणि जागा मोठ्या आवाजाची आहे, तर क्लिपिंग, म्हणजे टोकं छताला आपटून सपाट झालेली. त्याच जागी येतं आणि तिथे फाइल कापून जोडली आहे, तर लाट मध्येच तोडली गेली आहे. पाच मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा चढवणं) द्या, काम झालं. दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर बफर. ठरावीक अंतराने, घड्याळासारखं येत असेल तर क्लॉक.

बफर म्हणजे गठ्ठा. संगणक एकेक सॅम्पल हाताळत नाही, १२८ किंवा ५१२ चा गठ्ठा करून हाताळतो. ४८ हजारला १२८ चा गठ्ठा २.७ मिलिसेकंदांचा, ५१२ चा १०.७. पुढचा गठ्ठा वेळेत तयार झाला नाही की तेवढ्या जागी भोक पडतं आणि टिक ऐकू येते. लिनक्सवाले त्याला एक्सरन म्हणतात. गठ्ठा मोठा केला की टिक थांबते, पण वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतचा उशीर, म्हणजे लेटन्सी, वाढते. आत येताना एक गठ्ठा, बाहेर जाताना एक, वर कन्व्हर्टरचा थोडा. म्हणजे ५१२ ला एकूण २० मिलिसेकंदांच्या पुढे. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, तेव्हा हे स्पीकर सात मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं झालं. गायकाला हेडफोनमध्ये याहून पुष्कळ कमी उशीरही बोचतो, कारण स्वतःचा आवाज हाडांतून थेट पोचत असतो आणि दोन्ही मिसळून पोकळ ऐकू येतं. त्यासाठी इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरावं. रेकॉर्डिंगला ६४ किंवा १२८, मिक्सिंगला १,०२४, असा बफर बदलत राहणं हाच व्यवहार. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा ॲसिओ ड्रायव्हर निवडला नसेल तर बफरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. संगणकाचा प्रोसेसर ३० टक्केच चालू दिसतो तरी टिक येते. कारण एका ट्रॅकवरची प्लगिनची साखळी बहुधा एकाच कोअरवर चालते आणि तो एकटा भरलेला असतो. दुसरी, बफर लहान असूनही कीबोर्ड उशिरा वाजतो. तेव्हा मास्टरवर लिनिअर फेज ईक्यू किंवा पुढचं बघून चालणारा लिमिटर बसलेला असतो. तो रेकॉर्डिंगपुरता बंद करा. आणि हो, वाजवताना आलेली बफरची टिक एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये नसते, पण रेकॉर्ड करताना पडलेलं भोक फाइलमध्ये कायमचं राहतं. मग ते दर वेळी त्याच जागी येतं आणि निदान चकवतं.

क्लॉकचं दुखणं दोन डिजिटल पेट्या जोडल्या की सुरू होतं. दोन्ही ‘इंटरनल’वर ठेवल्या तर प्रत्येकीचा ४८ हजार किंचित वेगळा असतो. फरक दहा लाखांत दहाचा धरला तरी सेकंदाला ०.४८ सॅम्पल, म्हणजे साधारण दर दोन सेकंदांनी एक सॅम्पल गळतं किंवा दोनदा येतं. ही ती नेमाने येणारी टिक. एक पेटी मालक ठेवा, दुसरी ‘एक्स्टर्नल’वर. तारेने न जोडलेले दोन वेगळे रेकॉर्डर असतील तर हाच फरक सरकण्यातून दिसतो: दहा लाखांत वीस म्हणजे तासाला ७२ मिलिसेकंद. अशा वेळी सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी रेकॉर्ड करून ठेवा. पहिली जुळवायची आणि दुसरी जुळेपर्यंत एक फाइल ताणायची.

मिडी

मिडीत आवाज नसतो. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, आणि तरी ‘मिडीची क्वालिटी वाढवून द्या’ अशी मागणी होतच राहते. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या कीबोर्डांनी एकमेकांशी बोलावं म्हणून ही भाषा आली. तिचं एक वाक्य असं: १४४, ६०, १००. पहिला आकडा म्हणतो, ‘पहिल्या चॅनेलवर सूर सुरू’. ६० म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक (सी), ६१ काळी एक. १०० म्हणजे पट्टी किती वेगाने दाबली. बोट उचललं की १२८, ६०, ०. पहिल्या आकड्याचा सर्वात वरचा बिट नेहमी १ आणि पुढच्यांचा ० असतो, म्हणून पुढच्या आकड्यांना ० ते १२७ एवढीच जागा उरते. मिडीत १२७ हा आकडा जिथे तिथे दिसतो तो यामुळे.

‘सूर बंद’चं वाक्य वाटेत हरवलं की सूर लटकतो आणि वाजतच राहतो, तेव्हा पॅनिकचं बटण, म्हणजे कंट्रोलर १२३, ‘सगळे सूर बंद’चा संदेश. एक सूर दाबला आणि दोन वाजले, किंचित पोकळ आवाजात, तर कीबोर्ड स्वतःही वाजवतोय आणि सॉफ्टवेअरकडून परत आलेलंही वाजवतोय. कीबोर्डमधला ‘लोकल कंट्रोल’ बंद करा. काहीच वाजत नाही, पण मिडीचा दिवा लुकलुकतो, तर चॅनेल तपासा. मिडीचं चॅनेल म्हणजे पत्ता, एका तारेत १६. स्टीरिओचे दोन चॅनेल किंवा मिक्सरच्या पट्ट्या यांचा त्याच्याशी संबंध नाही. कीबोर्ड एकवर बोलतोय आणि वाद्य दोनवर ऐकतंय, एवढंच झालेलं असतं.

व्हेलॉसिटी म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. ती पट्टीचा वेग सांगते. त्याचं काय करायचं ते वाद्य ठरवतं. चांगल्या पियानोत ती आवाजाचा पोतच बदलते, काही ऑर्गनमध्ये काहीच करत नाही. सूर चालू असताना आवाज फुगवायचा असेल तर कंट्रोलर ११, म्हणजे एक्स्प्रेशन; मिक्सची लेव्हल कंट्रोलर ७ वर.

मींड वाजवणाऱ्यांनी पिच बेंडची एक गोष्ट जपावी. बेंडला ० ते १६,३८३ अशी बारीक मोजपट्टी आहे, मध्य ८,१९२ वर. पण टोक किती सेमीटोनचं, हे त्या आकड्यात नसतं. ते वाद्यात ठरतं आणि बहुतेक ठिकाणी मुळात २ असतं. १२ धरून सा ते प अशी सात सेमीटोनची मींड लिहिली आणि वाद्य २ वर असलं, तर ती जेमतेम सव्वा सेमीटोनमध्ये आटोपते. शिवाय बेंड पूर्ण चॅनेलला लागतो: खालचा षड्‌ज धरून वरचा सूर ओढला तर षड्‌जही ओढला जातो. दोन्ही वेगळ्या चॅनेलवर ठेवा.

सप्तकांच्या नावांतही एकमत नाही. ६० नंबरच्या सुराला यामाहा सी३ म्हणते, इतर बरेच जण सी४. सॅम्पल लायब्ररीच्या माहितीत लिहिलेल्या पट्टीवर काहीच होत नसेल तर एक सप्तक वर किंवा खाली दाबून बघा. आणि ‘क्वांटाइज’ हाही दुहेरी शब्द: मिडीत सूर तालाच्या जाळीवर ओढणं, ऑडिओत सॅम्पलचा आकडा जवळच्या पातळीवर बसवणं.

सिंथबद्दल थोडक्यात. ऑसिलेटर सूर काढतो, फिल्टर छाटतो, एन्व्हलप वेळेनुसार घडवतो, एलएफओ संथ झुलवतो. एन्व्हलपच्या चार अक्षरांत (एडीएसआर) अटॅक, डिके आणि रिलीज हा वेळ असतो, पण सस्टेन ही पातळी. सस्टेन वाढवला तरी सूर लांबत का नाही, हा प्रश्न इथून येतो. सूर पट्टी दाबलेली असेपर्यंतच टिकणार. एफएम सिंथेसिसमध्ये एक ऑसिलेटर दुसऱ्याची कंपनसंख्या इतक्या जलद हलवतो की झुलण्याऐवजी नवा रंग तयार होतो. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डला हे शोधलं, १९७३ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि दहा वर्षांनी यामाहाच्या डीएक्स७ मधून ते घराघरांत पोचलं.

फाइली पाठवताना

‘स्टेम पाठव’ म्हटल्यावर कुणी चाळीस सुट्या ट्रॅक पाठवतं, कुणी चार. स्टेम म्हणजे गट: सगळे ड्रम एका फाइलमध्ये, सगळं गायन दुसऱ्या. सुट्या ट्रॅकना मल्टिट्रॅक म्हणायचं. काहीही पाठवा, पण वेव्ह, सेशनच्याच सॅम्पल रेटला, २४ बिट, मास्टरवरचा लिमिटर काढून, आणि प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्यापासून सुरू, मग पहिला मिनिट शांतता असली तरी चालेल. टेम्पो फाइलच्या नावातच घाला.

यात एखादी एमपीथ्री घुसली तर ती मागे पडते. एमपीथ्री बनवणारा लेम एन्कोडर सुरुवातीला ५७६ सॅम्पल जोडतो, डिकोडर आणखी ५२९, आणि हे कापून न टाकणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल १,१०५ सॅम्पल, म्हणजे ४४.१ ला २५ मिलिसेकंद उशिरा वाजते. सगळ्याच फाइली एमपीथ्री असतील तर सगळ्या सारख्याच सरकतात आणि काही कळत नाही. एकटीच असेल तर ठेका लंगडतो, आणि वादकाला बोल लावण्याआधी ती फाइल १,१०५ सॅम्पल डावीकडे सरकवून पाहावी.